लाइनपॅकवर किती भिस्त ठेवायची?

विजेसारखा गॅसचा तोल, म्हणजे जाळ्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या गॅसचा मेळ, क्षणाक्षणाला सांभाळावा लागत नाही, पाइपातच थोडाफार साठा असतो, असं कुणी म्हटलं तर तो मुद्दा बरोबर. पण 'म्हणून युरोपातले ऑपरेटर, म्हणजे गॅसवाहिन्यांचं जाळं चालवणाऱ्या कंपन्या, निवांत', हे काही पटलं नाही. हा साठा, म्हणजे लाइनपॅक, दाब वरखाली होऊ देऊन काही तासांची उसंत देतो, बस्स. आणि गॅस पाइपातून साधारण सायकलच्या वेगाने सरकतो. संध्याकाळी थंडी वाढली म्हणून नॉर्वेहून जादा मागवलेला गॅस जर्मनीत लगेच थोडाच पोचणार!

मुळात पहिली जबाबदारी ऑपरेटरची नाहीच, जाळ्यात गॅस आणणाऱ्या-नेणाऱ्या कंपन्यांची आहे. युरोपीय संघाच्या 2014च्या नियमावलीत तसं स्पष्ट आहे. हिशेबाचा 'गॅसचा दिवस' हिवाळ्यात मध्य युरोपच्या सकाळी 6ला सुरू होतो. दिवसअखेर कंपनीने जाळ्यातून काढला त्यापेक्षा कमी गॅस भरला तर फरक महाग दराने वसूल, जास्त भरला तर स्वस्तात जमा. नेदरलँड्समध्ये तर अख्ख्या जाळ्याचा तोल दिवसभर सगळ्यांना दिसतो. तो हिरव्या पट्ट्याबाहेर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे, गेला की ऑपरेटर बाजारात उतरून गॅस घेतो किंवा विकतो, आणि भुर्दंड ज्यांनी तोल बिघडवला त्यांच्या माथी. मला हीच पद्धत चोख वाटते.

कडाक्याच्या थंडीतली मोठी तूट मात्र भूमिगत साठेच भरून काढतात. तिथे लाइनपॅकचा काय पाड!