मदत हवी आहे: फोन अमेरिकेतून मागवू की इथेच घेऊ?

नमस्कार मंडळी. माझा फोन चार वर्षांचा झालाय. कोथरूडहून स्वारगेटला पोचेपर्यंत बॅटरी मान टाकते, बाकी तक्रार काही नाही.

मावसभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय. म्हणतो, "ताई, तिकडे मोबाइल कंपनीच्या करारावर आयफोन जवळजवळ फुकट पडतो, आणू का?" खोलात विचारलं तर हे फुकट म्हणजे 36 महिने बिलात थोडी थोडी सूट! करार मध्येच सोडला तर उरलेली रक्कम त्याच्या गळ्यात. वर हप्ते फिटेपर्यंत फोन बहुधा त्याच कंपनीला लॉक, म्हणजे इथलं सिम चालायचं नाही. शिवाय आयफोन 14 पासून तिकडच्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिमवर (फोनच्या आतच असलेलं, काढून दुसऱ्यात घालता न येणारं सिम). आमच्याकडे आईचा फोन रुसला की तिचं सिम माझ्या फोनमध्ये, ही जुनी रीत!

आपल्याकडे बरंय, फोन कुठूनही घ्या, रिचार्ज कुणाचाही मारा.

बजेट 30 हजारांपर्यंत. लॉक असलेला फोन आणून कुणी पस्तावलंय का? की आहे त्यातच नवी बॅटरी टाकून वर्षभर ढकलू? शहरात अस्सल बॅटरी बसवणारं खात्रीचं दुकान माहीत असेल तर नक्की सांगा. भावाला रविवारपर्यंत कळवायचंय.