मदत हवी आहे: १४ वर्षांच्या लेकीला मध्ययुगीन रिएनॅक्टमेंटमध्ये उतरायचंय (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिसनजवळ राहतो. लेकीने गेल्या उन्हाळ्यापासून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम'चा (एससीए) ध्यास घेतलाय. १९६६ साली कॅलिफोर्नियात, बर्कलीला सुरू झालेली ही संस्था. सतराव्या शतकाआधीचे कपडे, स्वयंपाक, सुलेखन, तिरंदाजी, लढाई हे सगळं तिथली माणसं स्वतः करून बघतात, यालाच रिएनॅक्टमेंट म्हणतात. संस्थेच्या प्रादेशिक विभागांना 'किंगडम' म्हणतात; आमचा भाग त्यांच्या 'ईस्ट किंगडम'मध्ये येतो.

सरावाला जाऊन आलो. मुलांच्या लढाईत वयाप्रमाणे ६ ते ९, १० ते १३ आणि १४ ते १७ असे गट असतात. तलवारी फोम गुंडाळलेल्या. खेळ सुरू व्हायच्या आधी मार्शलने (सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या पंचाने) एकेका तलवारीचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. एकीतली दांडी हाताला लागली, ती लगेच बाजूला ठेवायला लावली. माझी निम्मी भीती तिथेच गेली. चिलखत घालून वेताच्या तलवारींनी लढतात ते मोठ्यांचं, त्याला अजून अवकाश आहे.

खरी अडचण पुढेच आहे. इथे प्रत्येक जण त्या काळातलं एक काल्पनिक पात्र घेतो. हिला शिवकालातलं हवं होतं, पण महाराजांचा जन्मच १६३०चा, म्हणजे संस्थेच्या कालमर्यादेबाहेर. मग तिनेच शोधून काढलं: १५९५, अहमदनगरचा किल्ला, मुघलांचा वेढा आणि आत चांदबिबी. खऱ्या ऐतिहासिक व्यक्तीचं सोंग घेता येत नाही, म्हणून ही त्या किल्ल्यात राहणारी एक मुलगी होणार आहे. मला हे फार आवडलं. युरोपचाच काळ घ्यायला हवा असं काही नाही, हे किती भारतीय मुलांना ठाऊक असेल?

आता कपडे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही'ची निजामशाही सचित्र पोथी आहे, तिच्यातल्या बायका चोळीत दिसतात, लांब वेणीच्या टोकाला गोंडा. पण ती दरबारातली माणसं. किल्ल्यातल्या साध्या घरची मुलगी काय नेसत असेल? कापड कुठलं, रंग कुठले? सुती लुगडं चालेल का? ते नेसून तिरंदाजी जमेल, की काष्टा घालावा? जाणकारांनी जरूर सांगावं. त्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रती कुठे मिळतील, तेही.

दुसरं म्हणजे पेन्सिक, एससीएचा दरवर्षीचा मोठा मेळावा. पश्चिम पेनसिल्व्हेनियात उन्हाळ्यात दोन आठवडे तंबू ठोकून हजारो माणसं जमतात. मुलांना घेऊन कोणी गेलंय का? मला पूर्ण रजा मिळणार नाही, तर कोणते तीन-चार दिवस निवडावेत, मुलांचे वर्ग आणि लढाया बहुतेक कधी असतात? आणि तिथे पालकांनी नुसतं बसून राहायचं नसेल तर कुठल्या कामाला हात लावता येतो? स्वयंपाक मी आनंदाने करीन.