कोल्हापूरजवळची पोलिश मुलांची शाळा आणि सासूबाईंच्या आठवणीतला समुद्र

प्रश्न : दांडियाबाजारकर, वडोदरा

माझ्या सासूबाईंचे माहेर कोल्हापूरचे. लग्नानंतर त्या बडोद्याला आल्या आणि आता त्यांनी नव्वदी ओलांडली आहे. महायुद्धाच्या काळात शहराबाहेरच्या माळावर गोऱ्या मुलांची मोठी निवासी शाळा होती, त्यांचे वडील तेथे भाजी पोहोचवीत आणि सुट्टीच्या दिवशी त्या बैलगाडीत बसून बरोबर जात, असे त्या सांगतात. तेथे त्यांच्याच वयाच्या एका मुलीशी त्यांची मैत्री झाली. तिच्याकडे बिस्किटांच्या डब्यात शिंपले होते आणि आधीची शाळा समुद्राकाठी होती, तेथे राजा आम्हांला भेटायला येई, असे तिने खुणांनी आणि मोडक्या हिंदीत सांगितले होते. आम्ही हे सर्व लिहून काढीत आहोत, परंतु कोल्हापूरला समुद्र कुठला, हे रत्नागिरीच्या सहलीचे मिसळले असणार, म्हणून तेवढा भाग गाळावा, असे घरातल्यांचे मत पडले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : रंकाळ्याचा रहिवासी (सध्या वडोदरा)

तो भाग मुळीच गाळू नका, कारण सगळ्या हकिकतीत महत्त्वाचे तेच आहे. सासूबाई सांगतात ती जागा म्हणजे वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लक्षावधी लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर त्यांची सुटका झाली आणि त्यांतील काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले.

समुद्राकाठची शाळा मात्र आपल्या गुजरातेतली, जामनगरजवळच्या बालाचडीची. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी, म्हणजे क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे पुतणे व वारस, यांनी १९४२ मध्ये तेथे पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. पहिली तुकडी अश्काबादहून मालमोटारींनी मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशा वाटेने आली होती. बहुतेक मुले अनाथ होती किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी एकच उरले होते. पुढे १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तेथील मुलांपैकी पुष्कळांना वळिवड्याला हलविण्यात आले. त्यामुळे कोल्हापूरच्या माळावर काठेवाडच्या किनाऱ्यावरचे शिंपले असणे अगदी शक्य आहे, आणि भेटायला येणारा राजा म्हणजे जामसाहेबच.

नकाशा पाहताना एवढे ध्यानात ठेवा की वळिवड्याच्या त्या जागेला आज गांधीनगर म्हणतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथे वसले. बडोद्यात हे नाव उच्चारले की सगळे उत्तरेकडे बोट दाखवतात!

उत्तर २ : मु. पो. इंदूर

वरील माहिती योग्य आहे, मात्र ‘निवासी शाळा’ या शब्दाबद्दल थोडे सांगावेसे वाटते. तो शब्द बालाचडीला शोभतो, कारण तेथे मुले, शिक्षक आणि व्यवस्थापक एवढेच लोक होते. वळिवडे हे जवळजवळ एक गावच होते. तेथे बराकींच्या रांगा होत्या, चर्च होते, प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या, स्काउटची पथके होती, आणि बहुसंख्य मुले आपल्या आईजवळ राहत होती. पुरुषमंडळी बहुतांशी सैन्यात होती किंवा हरवलेली होती. शिक्षण पोलिश भाषेतच चाले, कारण युद्ध संपताच मायदेशी परतायचे अशीच सर्वांची कल्पना होती. प्रत्यक्षात पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आली आणि यांतील कितीतरी कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी पांगली.

ब्रिटनमध्ये १९३९ च्या सप्टेंबरात शहरांतली मुले खेड्यांत पाठविली गेली, त्यांच्याशी या मुलांची तुलना हल्ली सर्रास केली जाते, ती मला पटत नाही. लंडनच्या मुलाचे घर जागेवर होते आणि आईचे पत्र येत असे. बालाचडीच्या बऱ्याचशा मुलांना पत्र पाठवणारेच कोणी उरले नव्हते.

उत्तर ३ : वाडी परिसर, वडोदरा

एक व्यावहारिक सूचना करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सा येथील जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकाला भेट दिली, तेव्हापासून वर्तमानपत्रांत व दूरचित्रवाणीवर या विषयावर बरेच येऊन गेले आहे. सासूबाईंनी ते पाहिले असेल, तर ऐकीव भाग त्यांच्या बोलण्यात नकळत शिरलेला असू शकतो. म्हणून येथे लिहिलेले त्यांना आधी वाचून दाखवू नका. जामसाहेबांचे नाव तुम्ही घेऊ नका, त्यांनी आपणहून घेतले तर तशी नोंद करा. वर्ष विचारण्याऐवजी त्या तेव्हा कितवीत होत्या ते विचारा. १९४६ च्या आधीची मैत्री निघाली, तर शिंपल्यांचा खुलासा वेगळा शोधावा लागेल. ती मैत्रीण आईबरोबर राहत होती की अनाथ मुलांच्या बराकीत, हेही विचारा. बालाचडीहून आलेल्या मुलांची सोय वळिवड्याच्या अनाथालयात केलेली होती, त्यामुळे या एका उत्तराने बराच उलगडा होईल.