कुलूप बसलं, तरी राइड संपत नाही: अ‍ॅपवरच्या भाड्याच्या सायकली

चाकरमानी_२२

मेट्रो स्टेशन ते ऑफिस अडीच किलोमीटर. तेवढ्यासाठी अ‍ॅपवरची सायकल घेतो. ठरलेल्या जागी सायकल लावली, कुलूप 'खट्' करून बसलं, तरी अ‍ॅपमध्ये 'राइड सुरू आहे' असंच दिसत राहतं. १४ मिनिटांच्या राइडचे १ तास ५२ मिनिटांचे पैसे कापले गेलेत, वॉलेट उणे झालंय. कधी उलटंच: सायकल आखलेल्या चौकटीत उभी आणि अ‍ॅप म्हणतं, 'तुम्ही पार्किंगच्या बाहेर आहात'. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारच्या ऑफिसातले लोक दुसऱ्याच कंपनीची ई-बाइक वापरतात आणि त्यांचंही रडगाणं हेच आहे.

हे कशामुळे होतं, टाळायचं कसं आणि पैसे परत मिळवायला नेमकं कुणाला गाठायचं? 'अ‍ॅप काढून परत टाका' हे करून झालंय, तो सल्ला नको.

कुलूपबंद

तो सल्ला द्यायचाच नसतो. राइड अडकलेली असताना अ‍ॅप काढणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण खाली येईलच.

कुलूप बसणं आणि राइड संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या चाकावर जे घोड्याच्या नालेसारखं कुलूप असतं, त्यात एक छोटी मोटर, कडी पूर्ण आत गेली का ते ओळखणारा बारीक स्विच, ब्लूटूथ, जीपीएस, सिमकार्डवर चालणारा मोडेम आणि बॅटरी एवढा संसार असतो. दांडी खाली ओढली की कडी स्विचवर टेकते आणि मग कुलूप सर्व्हरला कळवतं की 'मी बंद झालो'. मीटर थांबतो तो हा निरोप पोचल्यावर. निरोप जायच्या वाटा दोन: कुलपाचं स्वतःचं सिम, किंवा ब्लूटूथवरून तुमचा फोन आणि तिथून तुमचं नेट. एक वाट बंद असली तरी दुसरी चालते. दोन्ही एकदम बंद पडल्या की मीटर पळत राहतो.

बंद का पडतात? तळघरातलं पार्किंग हे सर्रास कारण, तिथे सिमही मेलेलं आणि तुमचं नेटही. कुलपाची बॅटरी उतरली असेल तर ते आधी सिम सोडतं. पावसाळ्यात स्विचवर चिखल बसतो. पण सगळ्यात जास्त फसवणारं कारण साधं आहे: कडी आऱ्यावर अडते. आवाज येतो, दांडी खालीही जाते, पण शेवटचे दोन-चार मिलिमीटर उरतात आणि स्विच दाबलाच जात नाही. त्यासाठी दांडी ओढताना चाक बोटभर पुढे-मागे करा, दांडी शेवटपर्यंत गेली की सायकल ढकलून बघा. चाक फिरलं नाही म्हणजे कडी बसली.

मग फोन खिशात घालू नका. सायकलपासून हातभर अंतरावर, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवून, भाड्याची पावती स्क्रीनवर येईपर्यंत थांबा. अर्ध्या मिनिटात नाही आली तर ब्लूटूथ बंद करून चालू करा, तरी नाही तर दहा सेकंद एअरप्लेन मोड. तेही फसलं तर अ‍ॅपमधून कुलूप पुन्हा उघडा आणि पुन्हा लावा, म्हणजे कुलपाला निरोप नव्याने पाठवावा लागतो. तळघरात असाल तर आधी सायकल रॅम्पवरून वर आणा.

अ‍ॅप का काढायचं नाही: बऱ्याच अ‍ॅपांत 'बंद झालं' हा निरोप नेट येईपर्यंत फोनमध्येच थांबून असतो. अ‍ॅप काढलं की तोही जातो आणि तुमच्या बाजूचा पुरावाही.

परवानग्या एकदा तपासा. अँड्रॉइड १२पासून ब्लूटूथसाठी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथने काही शोधायचं तर लोकेशनची परवानगी द्यावीच लागते, म्हणून लोकेशन बंद केलं की कुलूपही 'सापडत नाही'. बॅटरी सेव्हरमधून हे अ‍ॅप वगळा, नाहीतर स्क्रीन बंद होताच फोन त्याला झोपवतो.

नकाशाबाहेर

कुलपाबद्दल कुलूपबंद यांनी म्हटलंय ते पटतं, पण एक कारण राहिलं आणि माझ्या मते १४ मिनिटांचे दोन तास होण्यात तेच जास्त असतं. काही सेवांमध्ये कुलूप लावणं म्हणजे नुसता 'पॉझ'. राइड संपवायला अ‍ॅपमध्ये वेगळं बटण दाबावं लागतं. पॉझमध्ये मीटर कमी दराने का होईना चालूच राहतो. ई-बाइकवाल्यांमध्ये ही पद्धत जास्त. तुमच्या पावतीत 'चालू वेळ' आणि 'थांबलेला वेळ' असे दोन आकडे वेगळे दिसत असतील तर दोष कुलपाचा नाही.

आता 'पार्किंगच्या बाहेर' हे प्रकरण. फोनचं जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. उंच काचेच्या इमारती, उड्डाणपूल, मेट्रोचा उन्नत मार्ग यांच्या जवळ उपग्रहाचा सिग्नल आपटून येतो आणि ठिपका पाच-दहा नव्हे, कितीतरी जास्त मीटर सरकतो. पार्किंगची चौकट दहा मीटरची असेल तर तुम्ही अ‍ॅपच्या दृष्टीने रस्त्यापलीकडे गेलात.

आधी बघा, चुकतंय कोण. नकाशावर सायकलचं चिन्ह आणि तुमचा निळा ठिपका वेगळे असतात. निळा ठिपका भलतीकडे असेल तर फोनचा दोष: 'अचूक लोकेशन' चालू आहे का बघा (अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४पासून ते वेगळं बंद करता येतं), वायफाय जोडलेलं नसलं तरी चालू ठेवा, त्यानेही जागा शोधायला मदत होते. सायकलचं चिन्ह भलतीकडे असेल तर फोनशी कितीही खेळलात तरी उपयोग नाही. सायकल आकाश दिसेल अशा जागी दोन मिनिटं उभी करा आणि मग परत चौकटीत आणा. लावताना चौकटीच्या कडेला नको, मधोमध लावा.

एक वेडगळ समजूत: फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. त्याने होकायंत्र सुधारतं, जागा नाही.

आणि भुयारी स्टेशनवरून येणाऱ्यांनी, म्हणजे पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्यांनी, जिना चढताच स्कॅन करू नये. फोन जुनीच जागा धरून बसलेला असतो. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. ती पूर्ण मिळाल्याशिवाय निव्वळ जीपीएसवर जागा पक्की होत नाही. मिनिटभर बाहेर उभे राहा.

चाकरमानी_२२

पावतीत 'थांबलेला वेळ' ० आहे. म्हणजे पॉझ नव्हे. पार्किंग तळघरात आहे हे मात्र खरं! उणे वॉलेट भरल्याशिवाय नवी राइड मिळत नाही, ते भरायचं का? भरलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना?

तक्रारवही

होत नाही, फक्त भरण्याआधी तक्रार नोंदवा. 'ही रक्कम हरकत नोंदवून भरत आहे' एवढं वाक्य ईमेलमध्ये असू द्या. नवीन मोबाइल नंबरवरून दुसरं खातं काढायच्या भानगडीत पडू नका, जुनी तक्रार लंगडी पडते.

तक्रार 'माझे पैसे जास्त कापले, प्लीज मदत करा' अशी लिहिली की उत्तरही साच्यातलं येतं. अशी लिहा:

'राइड क्रमांक अमुक, सायकल क्रमांक अमुक. सुरुवात सकाळी ९.०६. कुलूप लावले ९.२०, फोटो जोडला आहे. अ‍ॅपने राइड १०.५८ला संपवली. ९.२०नंतर सायकल हललेली नाही, तुमच्या जीपीएस नोंदीत ते दिसेल. १४ मिनिटांचे भाडे ठेवून उरलेली रक्कम परत करावी.'

कळीचं वाक्य शेवटून दुसरं आहे. सायकल किती वाजता थांबली याची नोंद त्यांच्याकडेच असते. ती बघायला लावा. जोडीला बंद कुलूप आणि सायकलचा क्रमांक एकाच फ्रेममध्ये येईल असा फोटो, अडकलेल्या स्क्रीनचा वेळेसकट स्क्रीनशॉट आणि ऑफिसच्या गेटवरची पंचिंगची वेळ. फोटो रोज काढा, भाडं बरोबर आलं की पुसा.

अ‍ॅपमधल्या चॅटवर थांबू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर किंवा साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. चॅटचा तिकीट क्रमांक त्या ईमेलमध्ये लिहा. तरीही दाद नाही लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आणि आता तक्रार ई-जागृती पोर्टलवर टाकता येते. शंभर-सव्वाशे रुपयांसाठी कुणी आयोगात जात नाही हे कंपनीलाही माहीत असतं. म्हणूनच १९१५ची पायरी वगळू नका. तिथली तक्रार चॅटवरच्या बॉटकडे जात नाही.

दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. यूपीआयने रिचार्ज केला, बँकेतून पैसे गेले आणि वॉलेटमध्ये आलेच नाहीत, तर तो फसलेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत तो उलटायला हवा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ती तक्रार यूपीआय अ‍ॅपमधून करायची. जास्त भाडं लागणं हा फसलेला व्यवहार नाही, त्यासाठी बँकेला गाठलं तर बँक हात वर करणार आणि ते बरोबरच आहे.

ऑटोपे दिलं असेल तर ते थांबवायला कंपनीची परवानगी लागत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या भागात जाऊन स्वतः रद्द करता येतं.

नकाशाबाहेर

तक्रारवही, पंचिंगची वेळ छान सुचली. पण ती गेटवर लागते आणि सायकल तळघरात. मधल्या पाच-सात मिनिटांवरून कंपनी घोळ घालेल. कुलपाचा फोटोच मुख्य धरावा.

तक्रारवही

मान्य. पंचिंग जोडीला, फोटो आधी.

तेलपाणी

सगळे अ‍ॅपमध्येच अडकलात. निम्मे वाद स्कॅन करण्याआधीच टळतात, कारण स्कॅन झालं की सायकल तुमच्या नावावर आणि आधीची मोडतोडही तुमच्या माथी.

आधी क्यूआर. त्यावर दुसरा स्टिकर चिकटवलाय का ते नखाने बघा. स्कॅन नेहमी सायकलच्या अ‍ॅपमधूनच करायचा, फोनच्या कॅमेऱ्याने किंवा यूपीआय अ‍ॅपने कधीच नाही. त्यात पैसे पाठवायची स्क्रीन उघडली तर तो क्यूआर सायकलचा नाहीच. अ‍ॅपमध्ये दिसणारा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळवा.

मग ब्रेक. दोन्ही दांड्या पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नयेत. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे ढकला, मग मागचा धरून. टायर अंगठ्याने दाबा, सहज दबला तर सोडून द्या, अडीच किलोमीटरमध्ये ट्यूब चिमटली जाते. सीटची उंची कमरेच्या हाडाला लावा आणि क्लॅम्प असा आवळा की बसल्यावर सीट फिरणार नाही. पॅडल उलटं फिरवून साखळी अडकते का बघा. सीट मुद्दाम उलटी फिरवलेली सायकल दिसली तर ती घेऊच नका. पॅरिसमध्ये वेलिब, म्हणजे तिथल्या भाड्याच्या सायकली, वापरणाऱ्यांची ही जुनी खूण आहे: 'ही बिघडलीय.' आपल्याकडेही रुजायला हरकत नाही.

ई-बाइक असेल तर चार्ज किती ते अ‍ॅपमध्ये बघून घ्या. अशा बहुतेक गाड्यांत ब्रेक दाबला की मोटरचा पुरवठा तुटतो. थ्रॉटल हळूच देऊन ब्रेक दाबा, मोटर ओढत राहिली तर उतरा, ती गाडी चालवायची नाही. लायसनबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून सांगतो: मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तर ती मोटर वाहन धरली जात नाही, लायसन-नोंदणी लागत नाही. सिग्नल आणि उलट्या दिशेचे नियम अर्थात लागू.

चाकरमानी_२२

डिपॉझिटचं काय? सुरुवातीला घेतलेलं परत मिळतं असं अ‍ॅप म्हणतं.

तक्रारवही

डिपॉझिट आणि वॉलेट हे दोन वेगळे खिसे. डिपॉझिट परत मागता येतं. कंपनीच्या स्वतःच्या वॉलेटमधले पैसे मात्र तिच्याच सेवेसाठी असतात, त्यातून रोख काढता येत नाही. म्हणून रिचार्ज नेहमी किमान रकमेचा करा, 'जादा २० टक्के' असल्या ऑफरला भुलू नका.

डिपॉझिटही पडून राहू देऊ नका. २०१७च्या डिसेंबरात पुण्यात विद्यापीठ आणि औंध भागात या सायकली आल्या, पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या आणि दोन वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. चीनमध्ये ओफो या भाड्याच्या सायकलींच्या कंपनीचे १ कोटीहून जास्त ग्राहक २०१८च्या अखेरीस डिपॉझिट परत मिळायच्या ऑनलाइन रांगेत होते, काहींचे ९९ युआन तर काहींचे १९९. सायकली कमी दिसायला लागल्या, बिघडलेल्या तशाच पडून राहायला लागल्या की त्याच आठवड्यात डिपॉझिट मागा. उणे वॉलेट आधी मिटवा, नाहीतर ते त्यातूनच वळतं करतात.

कुलूपबंद

चाकरमानी, तळघरात न लावता गेटबाहेर लावायची सोय आहे का बघा. नसेल तर सोसायटीच्या किंवा इमारतीच्या ऑफिसला सांगून पार्किंग रॅम्पच्या तोंडाशी आणवा, कंपनीला जागेचा नकाशा बदलायला फार वेळ लागत नाही. आणि पावसाळ्यात खिशात एक जुना रुमाल ठेवा. क्यूआर पुसायला आणि कुलपाच्या खाचेतला चिखल काढायला.