मदत हवी आहे: पाट (तरुण शेळी) एकाच बाजूला गोल फिरते, डोक्यात पाण्याची पिशवी असेल का?

पुरंदर तालुका, पुणे. उस्मानाबादी शेळ्या आहेत, रोज माळावर चरायला जातात. त्यातली एक पाट हल्ली डावीकडेच गोल गोल फिरते. मान कलती, कळपाच्या मागे राहते, भिंतीला डोकं टेकवून उभी. उजव्या डोळ्यासमोर हात नेला तरी पापणी लवत नाही. ताप नाही, खाणं ठीक. शेजारचे म्हणतात उतारा टाका. डॉक्टर म्हणाले गिड वाटतो, म्हणजे मेंदूत जंताची पिशवी.

दुसरं म्हणजे, दसऱ्याला बोकड कापला तेव्हा आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला लिंबाएवढी पाण्याची पिशवी लोंबत होती, आत एक पांढरा ठिपका. हा तोच आजार का? मटण खाल्लंय, घरात सगळे घाबरलेत. अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाने पाट बरी होईल का?

— माळकरी शेळीवाला

उत्तर: दोन्ही जंत वेगळे, पण दोन्ही येतात कुत्र्याकडूनच. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी चाऱ्यावर पडतात, शेळी खाते. एकाची अळी मेंदूत पिशवी करते, दुसऱ्याची पोटाच्या पडद्यावर. पडद्यावरची माणसाला होत नाही, घाबरू नका. काढून टाकायची आणि पुरायची, कुत्र्यापुढे मात्र कधीच फेकायची नाही. पिशवी काळजात (यकृतात) किंवा फुप्फुसात असेल तर ती हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्याच्या आणखी एका जंताची असू शकते. त्या जंताची अंडी कुत्र्याकडून माणसालाही लागतात, म्हणून कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.

मेंदूतली पिशवी मोठी झाली की औषधाचा फारसा भरवसा नाही. शिंगाच्या मागे अंगठ्याने हलकेच दाबून बघा, कधीकधी हाड मऊ लागतं. तसं असेल तर शस्त्रक्रियेने पिशवी काढता येते, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. मात्र ताप येऊन एकदम फिरायला लागली असती तर लिस्टेरिओसिसचा (जिवाणूमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेचा) संशय धरला असता. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको.

खरा इलाज कुत्र्याला. प्राझिक्वांटेल ही जंताची गोळी, वजनाच्या किलोला 5 मिलिग्रॅम, दर दीड-दोन महिन्यांनी. मेंढरांमागच्या कुत्र्यांना नावं ठेवण्याआधी आपल्या दारातलं बघा.

माळकरी शेळीवाला: दारात दोन आहेत, आणि मुंडी त्यांनाच जायची. गोळी भाकरीत घालून चालेल?

उत्तर: चालेल. पण वजन करून द्या, आणि दोन-तीन दिवस बांधून ठेवून विष्ठा खोल पुरा.