पिगफेसचा 'फुक': रेझ्नर नसला तरी

पिगफेस या इंडस्ट्रियल रॉक (यंत्रांसारखा कर्कश, जड रॉक) बँडबद्दल कोणीतरी म्हटलंय की 'सक'सारखं नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरचं गाणं नसल्यामुळे त्यांचा 'फुक' (१९९२) हा अल्बम पहिल्या 'गब' अल्बमपेक्षा फिका आहे. मला अजिबात पटत नाही. पिगफेसचा कणा गायक कधीच नव्हते, तो ड्रम्सचा होता. मिनिस्ट्री या बँडच्या १९८९-९० च्या दौऱ्यात मार्टिन अ‍ॅटकिन्स आणि बिल रीफ्लिन एकाच मंचावर दोन ड्रमसेट वाजवत होते, त्यातूनच हा बँड उभा राहिला. गायक येत-जात राहणार हे ठरलेलंच. आणि 'फुक'वर सिल्व्हरफिश बँडची गायिका लेस्ली रँकिन 'हिप्स, टिट्स, लिप्स, पॉवर' या गाण्यामध्ये काय तुटून पडलीये! इतक्या पुरुषी वळणाच्या संगीतात तो आवाज आजही अंगावर येतो. हेडफोन लावून, आवाज मोठा करून पुन्हा ऐका.