नवसागर लिहू की अमोनियम क्लोराईड?

खानापूरवाला: खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक मराठीत करतोय. घटकांत अमोनियम क्लोराईड आहे, कफ पातळ होऊन सुटावा म्हणून. मी 'नवसागर' लिहिलं. तपासणाऱ्यांनी तांबडी रेघ मारली आणि शेजारी शेरा: 'हे हातभट्टीत घालतात, रुग्ण घाबरतील.' आमच्या आजीच्या तोंडी तर हाच शब्द. काय करू?

शहापूरची: त्यांचं बरोबर आहे. छाप्याच्या बातमीत काळा गूळ आणि नवसागर जोडीनंच येतात. शिवाय बाटलीवर एक नाव, पत्रकात दुसरं, असं औषधात चालत नाही.

निपाणीकर: म्हणून शब्द टाकून द्यायचा? आमच्या दारात कल्हईवाला बसायचा. भाता मारून पातेलं तापवायचा, कथलाची कांडी टेकवायचा आणि नवसागर लावलेला कापसाचा बोळा गर्रकन फिरवायचा. पांढरा धूर, नाकात झोंबणारा वास, आणि पातेलं चांदीसारखं. तापला की त्यातनं आम्ल सुटतं, ते तांब्यावरचा काळा थर खातं, मग कथील धरतं. हे सगळं 'नवसागर' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं. अमोनियम क्लोराईड म्हटलं की काय येतं, सांगा बघू.

हुक्केरीचे काका: नऊ समुद्रांचं मीठ ते नवसागर, असं आमचे मास्तर सांगायचे.

चिकोडीकर: काका, समुद्राचा काही संबंध नाही. फारसी नौशादर, हिंदीत नौसादर. 'सागर' आपल्या कानांनी जोडला. आमच्या बाजारात कन्नड बोलणारेही नवसागरच म्हणतात.

हुक्केरीचे काका: मग आयुर्वेदाच्या रसशास्त्रातला 'नवसार' कुठनं आला? त्यालाच चूलिकालवणही म्हणतात. मला तर त्यात चूलच दिसते. शुद्ध हवं तर 'नवसार' लिहा.

शहापूरची: काका, 'नवसार' वाचून खानापुरात एकाला तरी कळेल का? पेशंटला कळणं महत्त्वाचं.

निपाणीकर: ताई, कळण्याचंच म्हणत असाल तर नवसागर कळतो. तोच पूर्वी बॅटरीच्या सेलमध्ये असायचा, तेव्हा कुणी दारूचं नाव काढलं नाही.

खानापूरवाला: उद्या पत्रक द्यायचंय. 'अमोनियम क्लोराईड (नवसागर)' चालेल?

चिकोडीकर: निपाणीकर, 'कल्हई'सुद्धा बाहेरचाच बरं का. अरबीत कलई म्हणजे कथीलच.

निपाणीकर: असेल. पण आमच्यात कथील वेगळं, कल्हई वेगळी. कांडीला कुणी कल्हई म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तुमच्या चिकोडीत म्हणतात?